पेडल अडकलं होतं, पाय चुकला नव्हता

वळणवाट
गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा ॲक्सिलरेटर अडकला. गाडी ऑटोमॅटिक, पेट्रोल, अकरा वर्षं जुनी. ट्रकला ओव्हरटेक करायला पेडल जोरात दाबलं, ट्रक मागे पडला, पाय उचलला, आणि गाडी ओढतच राहिली. वेग नव्वदच्या आसपास होता. आधी वाटलं उतार लागलाय, मग इंजिनचा आवाज ऐकला. ब्रेक दाबला, वेग कमी झाला, जरा सैल सोडला तर गाडी पुन्हा झेपावली. पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं होतं. शेजारी बसलेल्या बाबांनी एक शब्द न बोलता लिव्हर न्यूट्रलला ढकलली. इंजिन प्रचंड रेस झालं, पण गाडीची ओढ सुटली. कशीबशी कडेला घेतली, किल्ली फिरवून बंद केली आणि खाली वाकून पाहिलं. ॲक्सिलरेटर अजूनही खालीच होता. बुटाच्या टोकाने बाजूने हलकेच ढोसलं, तेव्हा 'टक्' करून वर आला.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा एकही कोड नाही. "मॅट अडकलं असेल" म्हणाले. मॅट त्या दिवशी गाडीत नव्हतंच, भिजलं होतं म्हणून घरी वाळत टाकलं होतं. ते सांगितल्यावर म्हणाले, "मॅडम, घाईत पाय चुकतो कधीकधी." जॉब कार्डवर लिहिलं, 'दोष आढळला नाही.'

माझं म्हणणं एवढंच आहे की चालकाने सांगितलेलं हाही पुरावा धरला पाहिजे. मशीन काही बोलत नाही म्हणून माणूस खोटा ठरवायचा, हे मला मान्य नाही. तुमचं काय मत?

दुहेरी ब्रेक
ताई, तुम्ही आणि बाबा सुखरूप आहात हे महत्त्वाचं. पण मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते नीट सांगतो.

मी चौदा वर्षं ड्रायव्हिंग शिकवतो. आमच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो आणि तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. त्याने दाबला की माझंही पेडल खाली जातं. मी बुटाचा तळवा कायम त्यावर हलका टेकवून ठेवतो. एकदा पार्किंगमध्ये एक गृहस्थ, चांगले पन्नाशीचे, गाडी भिंतीकडे सोडून ओरडत होते, "ब्रेक लागत नाही! ब्रेक लागत नाही!" माझ्या पायाखालचं पेडल जागचं हललं नव्हतं. मी ब्रेक मारून गाडी थांबवली. थांबल्यावरही ते शपथेवर सांगत होते की त्यांनी ब्रेकच दाबला होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

म्हणूनच नुसता चालकाचा शब्द मी पुरावा मानत नाही. माणूस प्रामाणिक असतो, पण त्याला पाय कुठे होता ते कळलेलं नसतं. आणि पाय चुकला की शरीर 'अजून जोरात दाब' असंच सांगतं. २०१० मध्ये अमेरिकेत, आपोआप पळाल्याची तक्रार असलेल्या टोयोटाच्या अपघातग्रस्त गाड्यांचे रेकॉर्डर (अपघाताच्या वेळच्या नोंदी ठेवणारं यंत्र) तपासले, तर ५८ पैकी ३५ गाड्यांत ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती.

मोकळा रस्ता
+१. टोयोटाच्या त्या गाड्यांत काही दोष नव्हता, असं नासाने तपासून सांगितलंय. विषय तिथेच संपला होता.

वळणवाट
@मोकळा रस्ता, नासाच्या अभियंत्यांनी तसं म्हटलेलं नाही. फेब्रुवारी २०११ चा तो अहवाल इलेक्ट्रॉनिक्सबद्दल होता. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, आपोआप मोठा उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, इतकंच. यांत्रिक दोष दोन होते, मॅटमध्ये अडकणारं पेडल आणि दाबल्यावर वर यायला कचरणारं पेडल, आणि ते दोन्ही खरे ठरले. दुसऱ्यासाठी जानेवारी २०१० मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या. शिवाय मार्च २०१४ मध्ये याच दोषांबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून कंपनीने १.२ अब्ज डॉलर भरायचं कबूल केलं. विषय संपला कसा म्हणायचा?

@दुहेरी ब्रेक, तुमचा अनुभव मी दोनदा वाचला. पण माझ्या बाबतीत ब्रेक दाबला की वेग कमी होत होता आणि सोडला की वाढत होता. पाय ॲक्सिलरेटरवर असता तर उलटं घडलं असतं ना?

ग्रीसवाला
बावीस वर्षं गॅरेज चालवतो, म्हणून बोलतो. तो कोड न येण्याचा मुद्दा सगळे चुकीचा धरताय.

आताच्या पेडलला केबल नसते. पेडलच्या बिजागरीपाशी दोन सेन्सर असतात, दोघे आपापला आकडा कॉम्प्युटरला पाठवतात. दोघांचं जुळेनासं झालं की कोड पडतो, गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे जपून, कमी ताकदीने चालते. आता विचार करा, पेडल यांत्रिकपणे खालीच राहिलं तर दोन्ही सेन्सर काय सांगतील? पेडल दाबलेलं आहे. आणि ते खरंच आहे! कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळं ठीक, मग कोड कशाला पडेल? बोटाने दाबलं, पायाने दाबलं की आपोआप अडकलं, हे त्या वायरला कळत नाही.

आता ते अडकतं कसं. जुन्या केबलच्या पेडलला एक जडपणा असायचा, पायाला तो बरा वाटतो. तसाच जडपणा यावा म्हणून नव्या पेडलमध्ये मुद्दाम घर्षण ठेवतात, आत प्लास्टिकचा छोटा तुकडा घासत असतो. तो झिजला किंवा त्यावर दमट हवेचा ओलावा धरला की घर्षण वाढतं आणि स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो. टोयोटाच्या त्या पेडलांत हेच झालं होतं. उपाय म्हणून आत स्टीलची चिमुकली पट्टी बसवली. एवढ्या मोठ्या प्रकरणाचा इलाज नखाएवढा!

ताईंना सांगायचं तर पूर्ण पेडल असेंब्ली बदलून घ्या. आणि जुनं पेडल परत मागून घ्या, तिथे सोडू नका.

दुहेरी ब्रेक
ग्रीसवाले, कोडचं पटलं. पण हीच गोष्ट माझ्याही बाजूने आहे. पाय चुकला असता तरी कोड पडला नसता. म्हणजे स्कॅनर दोघांच्याही कामाचा नाही.

ताई, वेग कमी-जास्त होत होता हा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. एकच विचारतो, दोन्ही पेडलं एकाच वेळी दाबली गेली असतील का? रुंद बुटात असं होतं, मी पाहिलंय.

वळणवाट
बूट साधेच होते, आणि किल्ली बंद केल्यावर पाय वर असताना पेडल खाली होतं. तो 'टक्' कसा विसरू?

पाचवा गिअर
माझी गाडी जुनी, केबलची, मॅन्युअल. एकदा थंड सकाळी पेडल आधी दाबेचना, मग एकदम फटकन दबलं आणि तिथेच राहिलं. डावा पाय आपोआप क्लचवर गेला, काही झालं नाही. नंतर उघडून पाहिलं तर थ्रॉटलच्या पाकळीभोवती काळी चिकट कड जमली होती, आणि केबलच्या दोन तारा तुटून आवरणात रुतल्या होत्या. सफाई केली, केबल बदलली.

म्हणूनच म्हणतो, केबलच बरी होती. निदान दोष डोळ्यांना दिसायचा.

ग्रीसवाला
पाचवा गिअर, केबलला चांगलं म्हणू नका. तुटक्या तारांनी अडकलेले थ्रॉटल मी जितके सोडवलेत तितकी इलेक्ट्रॉनिक पेडलं अख्ख्या धंद्यात पाहिली नाहीत. तुम्हाला क्लचने वाचवलं, केबलने नाही.

मोकळा रस्ता
वळणवाट, नासाबद्दलचं माझं वाक्य चुकलं, मागे घेतो. पण मूळ मत तेच आहे. चालकाच्या शब्दावर कंपन्यांना धरायला लागलो तर ऑडीचं झालं तसं होईल. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने ऑडी ५००० आपोआप पळते असं दाखवलं. १९८९ मध्ये सरकारी अहवाल आला की बहुतेक प्रकरणांत चालकाचा पाय चुकला होता. तोवर त्या गाडीची विक्री पार बसली होती. तीन वर्षांनी आलेल्या निर्दोषत्वाचा काय उपयोग? ज्याच्यावर आरोप होतो त्यालाही न्याय हवा ना?

वळणवाट
चूक मागे घेतलीत, आभार. आरोप झालेल्यालाही न्याय हवा, हे मान्य. म्हणूनच मी इथे कंपनीचं नाव लिहिलेलं नाही.

पण ऑडीची गोष्ट तिथे थांबत नाही. पाय चुकतो हे मान्य झालं, आणि त्यावर उपाय गाडीतच केला गेला. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पार्कमधून हलत नाही, ही सोय त्या वादानंतरच सगळीकडे पोचली. लोकांना नुसतं 'नीट चालवा' सांगून ते झालं नसतं. शिवाय त्याच तपासात काही गाड्यांचं आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) अचानक वाढत असल्याचंही आढळलं होतं. गाडी आधी दचकवते, मग दचकलेला पाय चुकतो. अशा वेळी 'माणूस की मशीन' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

आणि हे फक्त जुन्या गाड्यांचं नाही. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत बोलावले. पेडलवरची पट्टी सरकून वरच्या ट्रिममध्ये अडकत होती, कारण जोडणीच्या वेळी ती नीट बसावी म्हणून साबण लावला होता! तिथे ब्रेक दाबला की मोटरची ओढ बंद होते, ही सोय आधीच होती. माझ्या गाडीत ती नाही.

निवांत प्रवासी
वाद वाचून एकच विचारायचंय. उद्या माझ्यावर ही वेळ आली तर करायचं काय? ब्रेक कडक झाला म्हणताय, म्हणजे ब्रेक उपयोगाचाच नाही का? आणि धावत्या गाडीत न्यूट्रल केलं तर इंजिन फुटत नाही?

ग्रीसवाला
ब्रेक इंजिनपेक्षा ताकदवान असतो. २००९ मध्ये एका अमेरिकी मासिकाने टोयोटाची कॅमरी पळवून पाहिली. ताशी ११३ किमीवरून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, ब्रेक मारला तर नेहमीपेक्षा जेमतेम ५ मीटर जास्त लागले. पण तो ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने मारलेला होता.

ताईंचा ब्रेक का कडक झाला ते समजून घ्या. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. थ्रॉटल सताड उघडा असताना व्हॅक्यूम तयारच होत नाही, बूस्टरमध्ये उरलेला असतो तेवढाच. दाबा-सोडा करत राहिलं की दोन-तीन वेळांत तो संपतो. म्हणून एकदाच दाबायचा आणि सोडायचा नाही.

ब्रेक दाबून धरलेला असतानाच लिव्हर न्यूट्रलला. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. आताच्या इंजिनांना रेव्ह लिमिटर असतो, ठरावीक आरपीएमच्या वर ते जात नाही. आणि समजा इंजिनाचं नुकसान झालंच, तर इंजिन बदलता येतं.

गाडी थांबल्यावर बंद करा. धावती असताना किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. किल्लीऐवजी बटण असेल तर नुसतं टिचकी मारून चालत नाही, बऱ्याच गाड्यांत तीनेक सेकंद दाबून धरावं लागतं. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात लेक्ससचा (टोयोटाचीच महागडी गाडी) जो अपघात झाला, त्या गाडीत असंच बटण होतं आणि गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती. पेडल दुसऱ्या मॉडेलच्या मोठ्या मॅटमध्ये अडकलं. चालवणारे महामार्ग पोलीस दलातले अधिकारी होते, गाडीतले चौघेही गेले. गाडी चालवण्यात ते काही कच्चे नव्हते. परकी गाडी ताब्यात घेताना हे बटण मी आधी विचारतो, ते त्या बातमीपासून.

पाचवा गिअर
आणि पेडल हाताने उचलायला खाली वाकू नका. मी कडेला थांबल्यावर पाहिलं, चालत्या गाडीत नाही.

दुहेरी ब्रेक
हे सगळं मी शिकवायला हवं होतं. चौदा वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून धावत्या गाडीत न्यूट्रल करून घेतलेलं नाही. मॅन्युअल शिकणाऱ्याला क्लच असतो म्हणून चालून जातं. ऑटोमॅटिकवाल्याला मी 'चालताना लिव्हरला हात लावू नका' असंच सांगत आलोय. पुढच्या बॅचपासून मोकळ्या मैदानात, कमी वेगात, प्रत्येकाकडून करून घेणार.

पाय चुकण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. बहुतेक वेळा तोच चुकतो. तुमच्या वेळी चुकला नसावा, इतपत मी आलोय.

वळणवाट
इतपत पुरे आहे मला.

पेडल असेंब्ली बदलली. जुनं मागितलं तेव्हा काउंटरवर दोनदा "कशाला हवंय" विचारलं, पण दिलं. घरी टेबलाला चिमट्याने घट्ट धरून दोनशे वेळा दाबलं, बाबा मोजत होते. दोनशेही वेळा ते परत वर आलं. हे लपवून मला वाद जिंकायचा नाही, म्हणून लिहितेय.

ग्रीसवाला
घरातलं कोरडं पेडल वेगळं आणि गाडीतलं तापलेलं, दमटलेलं वेगळं. फेकू नका.

दुहेरी ब्रेक
दोनशे वेळा वर आलं हे सांगितलंत, त्यामुळे तुमच्या बाकीच्या सांगण्यावर माझा विश्वास वाढला. एक विचारू? बाबांना लिव्हरचं कसं सुचलं? शेजारी बसलेला माणूस सहसा डॅशबोर्ड धरतो.

वळणवाट
आत्ता विचारलं. तरुणपणी ते केबलवाली जीप चालवायचे, तिचा ॲक्सिलरेटर दोनदा अडकला होता. म्हणाले, "त्या दिवशी आवाज ऐकला आणि माझा डावा पाय आधी क्लच शोधायला गेला. दाबला तर खाली नुसता पत्रा. मग हात गेला."