मदत हवी आहे: लॅपटॉप सारखा अडकतोय, हार्ड डिस्क गेली का?

पानगळ:
जुना लॅपटॉप आहे. हल्ली कहर हळू झालाय. फाइल उघडायला गेलं की सगळं थिजतं, नुसतं चक्र फिरत राहतं, मग आपोआप सुटतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर १०० टक्के. अँटिव्हायरस चालवला, काही सापडलं नाही. फॉरमॅट करा असं कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाही. नेमकं काय बिघडलंय ते कसं शोधायचं? लवकर सांगा.

चिंचोका:
रॅम किती? ४ जीबी असेल तर दुसरं काही शोधूच नका. ८ करा, पळायला लागेल. माझा पळाला.

शून्य_एक:
'जुना' म्हणजे किती? आत फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली? विंडोज कुठली? काही आवाज येतो का? आणि सगळ्यात आधी, बॅकअप आहे का?

आडवळण:
विंडोज १० असेल तर तिचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय. लिनक्स मिंट टाका आणि मोकळे व्हा. जुन्या मशीनवर लोण्यासारखं चालतं.

पानगळ:
विंडोज १० च आहे, पण लिनक्स टाकू का असं मी विचारलेलं नाही. रॅम ८ आहे. साधी हार्ड डिस्क, एक टीबी. बॅकअप आहे, पण सगळ्याचा नाही. आवाज नेहमीचाच.

शून्य_एक:
नेहमीचा म्हणजे कसला? एका लयीत घरघर आणि मधून बारीक कुरकुर, इथवर ठीक. पण ठरावीक ठेक्यात टक... टक... टक येत असेल तर वाचणाऱ्या हेडलाच जागा सापडत नाहीये असं समजा, आणि लगेच बंद करा. पुढचं काही करू नका.
तसं नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रामची पोर्टेबल आवृत्ती दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हवरून चालवा. या डिस्कवर नवीन काही इन्स्टॉल करू नका. डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते, त्यातल्या ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींतले रॉ (मूळ) आकडे इथे टाका.

मधली_सुट्टी:
एवढा कुटाणा कशाला? कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क स्लॅश आर द्या आणि रात्रभर सोडून द्या. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब तुकडे, दुरुस्त होतात. मी नेहमी तेच करते.

शून्य_एक:
पानगळ, हे आत्ता अजिबात करू नका. सेक्टर दुरुस्त वगैरे होत नाहीत. चेकडिस्क सगळी डिस्क वाचत बसतं, जे वाचता येत नाही ते खराब म्हणून बाजूला टाकतं, आणि फाइल सिस्टममध्ये, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदींत, फेरफार करतं. आधीच मरायला टेकलेल्या डिस्कला डेटा काढण्यापूर्वी एवढं राबवायचं कशाला?

मधली_सुट्टी:
माझी डिस्क त्यानंतरही चालू आहे, बरं का.

शून्य_एक:
असेल की. वीज जाऊन नुसती फाइल सिस्टम बिघडली असेल तर चेकडिस्कच योग्य. इथे तसंच झालंय हे अजून ठरायचंय.

हातोडी:
तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवर काय चर्चा करताय? झाकण उघडा, डिस्क काढून परत नीट बसवा. निम्म्या वेळा कनेक्टरच सैल असतो. नाहीच जमलं तर डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, जुना उपाय आहे.

पानगळ:
हे घ्या आकडे. वर पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा आहे. ०५ समोर १०, सी५ समोर १३८, सी६ समोर १३८, सी७ शून्य. १० म्हणजे किरकोळच ना? टकटक नाही.

शून्य_एक:
किरकोळ नाही. हा प्रोग्राम रॉ आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, दाखवतो, मेनूतून दशमान करता येतात. तुमचे १० म्हणजे १६, आणि १३८ म्हणजे ३१२.
०५ म्हणजे डिस्कने निकामी ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले. अशा एकेका सेक्टरवर डिस्क परत परत प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. तुमचं थिजणं ते हेच. रॅमचा यात काही संबंध नाही.
हातोडी, सी७ म्हणजे जोडणीतून डेटा जाताना झालेल्या चुका. कनेक्टर सैल असता तर तो बहुधा वाढलेला दिसला असता. तो शून्य आहे. आणि फ्रीजरचं कृपया कुणी मनावर घेऊ नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

तिसरा_मजला:
अवांतर विचारतो, माझा पेनड्राइव्ह टीव्हीला दिसत नाही. लॅपटॉपवर दिसतो. त्याचा फॉरमॅट एनटीएफएस आहे.

चिंचोका:
@तिसरा_मजला, एक्सफॅट करून बघा, आतलं आधी दुसरीकडे काढून ठेवा. टीव्ही फारच जुना असेल तर फॅट३२, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणार नाही.

पानगळ:
धागा माझा आहे. मी आता काय करू ते एका ओळीत सांगा.

शून्य_एक:
रोजचा वापर आत्ताच थांबवा.
मग, ज्यांचा बॅकअप नाही ते फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. एखादी फाइल अडकली तर तिच्या मागे न लागता पुढे जा. नंतर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालू होतो तो) डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर काढा. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो, आडमुठे भाग शेवटी घेतो. मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचलं त्याची नोंद, द्यायला विसरू नका, म्हणजे मधेच थांबवलं तरी पुढे तिथूनच चालू होतं. कुठून कुठे हा क्रम आकार बघून दोनदा तपासा. उलटा दिलात तर कोऱ्या डिस्कवरचं काहीच-नाही तुमच्या डेटावर लिहिलं जाईल.
नवी डिस्क म्हणून अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी चालेल.

आडवळण:
म्हणजे शेवटी लिनक्सच! मी सुरुवातीलाच... असो.

हातोडी:
एसएसडी साधारण ७ मिमी जाड असते. जुन्या लॅपटॉपात खाच ९.५ ची असली तर हलते, कडेला पट्टी लावा. हे तरी मान्य का?

शून्य_एक:
हे मान्य.

पानगळ:
बरेचसे फोल्डर निघाले. एका फोल्डरमधल्या फोटोंवर मात्र तासन्‌तास अडकलंय. सी५ आता १६० दाखवतो. म्हणजे ३५२ ना?

शून्य_एक:
हो. वाढतोय. ते फोटो तसेच सोडा, लॅपटॉप बंद करा, आणि थेट डीडीरेस्क्यूवर या. फोटो निघाले तर तिथूनच निघतील.

मधली_सुट्टी:
प्रत काढून झाल्यावर तरी चेकडिस्क चालवायचं का?

शून्य_एक:
प्रतीवर खुशाल चालवा. मूळ डिस्कवर नाही.

तिसरा_मजला:
टीव्हीला दिसला. आभारी आहे.