शॉर्टस्टॉप आत्ता विकू का अजून एक वर्ष धरून ठेवू? आऊट ऑफ द पार्क, पिट्सबर्ग सेव्ह

विश्रामबाग_जीएम, सांगली

मंडळी नमस्कार, इथं आऊट ऑफ द पार्क हा बेसबॉलचा जीएम गेम (जनरल मॅनेजर होऊन टीम चालवायची) खेळणारी चार-पाच डोकी आहेत असं जुन्या धाग्यांवरनं कळलं म्हणून विचारतोय. माझी टीम पिट्सबर्ग पायरेट्स. का घेतली म्हणाल तर २००८ ला त्यांनी आपल्या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकवाल्या पोरांना पिचर (आपल्या बॉलरसारखा) म्हणून साइन केलं होतं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. केकेआरवाला रिंकू न्हवे, हा दुसरा, हा पुढं डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. तेवढ्या ओळखीवर टीम घेतली, आणि मग कळलं की ह्यांनी १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही आणि १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त. म्हणजे आपल्याला शोभणारीच टीम.

तर आता गेममध्ये २०२८ चा नोव्हेंबर चालू आहे. मागच्या सीझनला ८४ जिंकल्या, ७८ हरल्या, प्लेऑफ थोडक्यात हुकली. माझा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) सत्तावीस वर्षांचा, २० ते ८० च्या मापात फिल्डिंग ६५, बॅटिंगपण झकास, टीममधला सगळ्यात पॉप्युलर माणूस. मेजरमधली, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधली सर्व्हिस पाच वर्षं पूर्ण झालीय म्हणजे पुढचा सीझन संपला की फ्री एजंट, कुठल्यापण टीमकडं जायला मोकळा. करार वाढवायचं विचारलं तर गडी आठ वर्षं आणि वर्षाला २८ मिलियन डॉलर मागतोय, आणि आमचा मालक एकूण पगारालाच ११० देतोय, बसतंय कुठं ते.

शॉप प्लेअर करून (गेममधनं बाकीच्या टीमांना ऑफर विचारून) बघितलं तर दोन ऑफर कामाच्या आल्या. एका टीमकडनं एकवीस वर्षांचा पिचर, पोटेन्शियल भारी, आणि सोबत तेवीसचा कॅचर जो आत्ताच मेजरमध्ये खेळू शकतो. दुसऱ्या टीमकडनं एक तेहतीस वर्षांचा राइटी (उजव्या हाताचा) फर्स्ट बेसमन, धडाधड होमरन मारणारा, पगाराचा निम्मा भार तेच उचलणार. माझ्याकडं ट्रिपल ए ला (मेजरच्या लगेच खालची पायरी) इंडियानापोलिसमध्ये बावीसचा एक शॉर्टस्टॉप तयार होतोय, हात चांगला पण बॅट अजून कच्ची. फोर्टी मॅन, म्हणजे टीमची चाळीस जणांची यादी, फुल्ल आहे आणि रूल फाइव्ह ड्राफ्टच्या आधी (त्यात यादीबाहेरची पोरं दुसऱ्या टीमा उचलू शकतात) तीन पोरं आत घ्यायची आहेत ते वेगळंच टेन्शन. आणि मालकाचं टार्गेट काय, तर दोन वर्षांत प्लेऑफ. घरी चुलतभाऊ म्हणतोय असला प्लेअर विकणारा येडा असतो. सांगा काय करू.

तासगावचा_बेदाणा

भावा विक. डोळे झाकून न्हाय, पण विक.

तुझ्या चुलतभावाला क्रिकेटची सवय आहे, तिथं चांगला प्लेअर म्हणजे चांगला प्लेअर, विषय संपला. बेसबॉलमध्ये प्लेअर किती चांगला ह्याच्यासोबत तो अजून किती वर्षं आणि किती पैशात तुझा आहे ते बघायचं असतं. पहिली तीन वर्षं पोरगं मिनिमम पगाराच्या आसपास खेळतं, २०२५ ला ते मिनिमम ७,६०,००० डॉलर होतं, मग तीन वर्षं आर्बिट्रेशन (पगाराचं जमलं नाही तर लवाद ठरवतो), पगार दरवर्षी चढत जातो, आणि सहा वर्षं भरली की मोकळा. तुझा गडी शेवटच्या पायरीवर आहे. आमच्याकडं बेदाणा कोल्ड स्टोरेजला लावून दर चढायची वाट बघत्यात, पण तो माल भाडं भरलं की तुझाच राहतो, ह्यो पुढच्या वर्षी ह्याच महिन्यात गेट उघडून चालत जाणार आणि तू पावती धरून बसणार.

पण विकायचा तर आत्ता, जुलैत न्हाय. आत्ता घेणाऱ्याला पूर्ण सीझन मिळतो, वर सीझन संपल्यावर तो त्याला क्वालिफाइंग ऑफर (लीगनं ठरवलेल्या पगाराची एका वर्षाची ऑफर) देऊ शकतो, ती नाकारून गडी दुसरीकडं गेला तर त्या टीमला ड्राफ्ट पिक, म्हणजे नवी पोरं निवडताना जादा नंबर मिळतो. सीझनच्या मध्येच ट्रेड झालेल्या प्लेअरला ती ऑफर देताच येत नाही. म्हणजे जुलैत घेणाऱ्याला दोन-तीन महिन्यांचा प्लेअर मिळणार आणि बाकी काय न्हाय, तसाच भाव देणार तो.

अजिंक्यतारा_बुलपेन, सातारा

वरच्या साहेबांचं हिशेबाचं पटतं पण एवढी घाई कशाला गड्या. क्वालिफाइंग ऑफरचं तू म्हणालास ते पिट्सबर्गलापण लागू आहेच की, वर्षभर ठेव, ऑफर दे, तो नाकारणारच, पिक तुला. शिवाय २०२२ पासनं प्लेऑफला बारा टीमा जातात, ८४ वाला माणूस दारातच उभा आहे, आणि मालकाचं टार्गेट दोन वर्षांचं. हाकललं तर ड्राफ्टमधला पोरगा मोठा झालेला बघायला तू खुर्चीवर असशील का?

मला आधी एक सांग, रन किती काढले आणि किती दिले? ८४ वर जाऊ नकोस, वन रन मॅचा जिंकून पण ८४ होतात. स्टँडिंगच्या पानावर पायथागोरियन रेकॉर्ड दिसतो बघ, तो बिल जेम्सचा जुना फॉर्म्युला, काढलेले आणि दिलेले रन घालून टीमची खरी लायकी किती विन्सची होती ते काढतो. तो ८८ असेल तर धरून ठेव, ७८ असेल तर मग तासगावकर म्हणतात ते कर.

विश्रामबाग_जीएम

काढलेले ७०२, दिलेले ७३१. पायथागोरियन ७८-८४ दाखवतोय. आयला हे पान मी कधी उघडलंच नव्हतं.

अजिंक्यतारा_बुलपेन, सातारा

मग विषयच मिटला. सहा विन्स नशिबाच्या आहेत, पुढच्या वर्षी त्या परत येतीलच असं काय न्हाय. सत्तर-ऐंशीच्या मधली टीम, आणि शॉर्टस्टॉप ठेवूनसुद्धा ती तिथंच. विक, मी पलटी मारली.

फक्त दुसरी ऑफर लगेच डिलीट कर. त्या तेहतीसच्या फर्स्ट बेसमनचे होमरन कुठल्या ग्राउंडवर झालेत ते बघ. पीएनसी पार्कला, म्हणजे पिट्सबर्गच्या ग्राउंडला, राइट फील्ड लाइनवर फक्त ३२० फूट आहे, भिंत २१ फुटी आहे खरी, पिट्सबर्गचा जुना दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटेच्या २१ नंबरसाठी तेवढी ठेवलीय, तरी लेफ्टी बॅट्समनला तिकडं ओढून मारायला सोपं जातं. राइटी जिकडं ओढून मारतो तिकडं लेफ्ट सेंटरला ४१० फूट. त्याचे निम्मे उंच फटके तिथं कॅच होणार, आणि गुडघे गेल्यावर पुढच्या दोन वर्षांचा निम्मा पगार तूच देणार. म्हणून तर तिकडची टीम एवढ्या प्रेमानं पैसे भरतीय.

कोयनाकाठ, कराड

मी नवीन आहे, एक बेसिक डाऊट. आयपीएलला कशी पर्स फिक्स असते तसं इथं काय न्हाय का? मग मालकाला पटवून २८ मिलियन देऊनच टाकायचे की.

तासगावचा_बेदाणा

न्हाय, सॅलरी कॅप नाहीच. लक्झरी टॅक्सची रेघ आहे, २०२५ ला २४१ मिलियन होती, त्याच्या वर गेलं की दंड भरायचा, ज्यांच्याकडं आहे ते भरत्यात. पण ११० वाल्याला त्या रेघेचा काय संबंध. ११० मधनं २८ एकाला दिले तर राहिलेल्या ८२ मध्ये पंचवीस जण बसवायचे, आणि गडी पस्तिशीला पोचला की शॉर्टस्टॉप राहत नाही, फर्स्ट बेसला सरकतो, पगार मात्र तोच. मालकाला पटवायचं म्हणशील तर ह्या गेमच्या मालकापेक्षा बाजारातला व्यापारी लवकर पटंल.

मिरज_डबलप्ले

उशिरा आलो, पण पिचरबद्दल कोणच काय बोललं न्हाय म्हणून लिहितो. विकायचं ठरलं असेल तर विक, पण पहिल्या ऑफरमधला पिचर घ्यायच्या आधी थांब जरा मर्दा. एकवीसच्या पिचरचं पोटेन्शियल म्हणजे आज दिसतंय, उद्या खांदा धरून बसलाय. कोपराची टॉमी जॉन सर्जरी झाली की बारा ते अठरा महिने गेले, १९७४ ला डॉक्टर फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा टॉमी जॉनवर केली तेव्हापासनं कितीतरी पिचर त्यातनं गेलेत, आणि गेम ह्या बाबतीत अजिबात दया करत नाही.

त्याचं पान उघड आणि तीन गोष्टी बघ. इंज्युरीच्या खान्यात फ्रॅजाइल लिहिलं असेल तर तिथंच बंद कर. मग पिचेस बघ, नुसता फास्टबॉल आणि स्लायडर असेल आणि चेंजअप (फसवा स्लो बॉल) ३५ च्या आसपास अडकला असेल तर हा स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर होत नसतो, स्टॅमिना कमी असेल तर बातच सोड, जाणार बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर थोडा वेळ येणाऱ्या रिलिव्हर पिचरांत. बुलपेनवाल्यासाठी शॉर्टस्टॉप देणार का तू? तिसरं म्हणजे तुझ्या स्काउटचा (प्लेअर पारखणाऱ्याचा) रिपोर्ट आणि ओएसएचा, म्हणजे गेममधल्या तटस्थ स्काउटिंग संस्थेचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेव. तुझा स्काउट ७० म्हणतोय आणि ओएसए ५० म्हणतंय असं असेल तर तुझा स्काउट खुळा असण्याचीपण शक्यता धर, स्काउटिंगचं बजेट कमी ठेवलं असशील तर जास्तच.

माझं मत, कॅचर धरून ठेव कारण मेजरमध्ये बरा कॅचर कुणाकडंच जादा नसतो, आणि पिचरच्या जागी त्यांच्याकडचा एखादा आऊटफिल्डर माग, पोटेन्शियल थोडं कमी असलं तरी चालेल. बॅटिंगवाली पोरं जास्त भरवशाची.

विश्रामबाग_जीएम

बघितलं. फ्रॅजाइल नाही, नॉर्मल आहे. पण चेंजअप ३० आणि पोटेन्शियल चेंजअप ४०. आणि माझा स्काउट ६५ म्हणतोय तिथं ओएसए ५०. खुळा निघाला वाटतं माझा.

रूल फाइव्हचं काय करू पण? तीन पोरं आहेत, जागा शून्य.

मिरज_डबलप्ले

शॉर्टस्टॉप गेला की एक जागा सुटते पण कॅचर फोर्टी मॅनवरचा असेल तर तो तीच खातो, म्हणजे हिशेब जिथल्या तिथं. म्हणूनच आऊटफिल्डर असा माग जो अजून डबल ए मध्ये (ट्रिपल ए च्या खाली) आहे आणि ज्याला आत घ्यायची वेळ आलेली नाही. अठरा किंवा त्याखाली साइन केलेल्याला पाच सीझन मिळतात, एकोणीस किंवा वरच्याला चार, त्या आत त्याला कोण उचलू शकत नाही. जागा करायची तर तुझे म्हातारे रिलिव्हर बघ, ज्यांचे ऑप्शन संपलेत, म्हणजे ज्यांना आता सरळ खालच्या लीगला पाठवता येत नाही ते. एखाद्याला वेव्हरवर टाक (बाकीच्या टीमांपुढं मोकळा ठेव), कोण नेला तर नेला, पगार वाचला.

आणि तिन्ही पोरं वाचवायलाच पाहिजेत असं काय न्हाय. रूल फाइव्हमध्ये घेणाऱ्या टीमला एक लाख डॉलर भरायचे असतात आणि त्या पोराला अख्खा सीझन मेजरच्या रोस्टरवर ठेवायला लागतं, नाहीतर पन्नास हजारात तुलाच परत द्यायला लागतं. सिंगल ए मधल्या एकवीस-बावीसच्या कच्च्या पोराला मेजरच्या सव्वीसात वर्षभर कोण बसवणार? जो उद्या बेंचवर बसून का होईना निभावेल, म्हणजे लेफ्टी रिलिव्हर, युटिलिटीवाला, बॅकअप कॅचर, तोच पळवतात. तसा तुझ्या तिघांत कोण आहे बघ आणि त्याला आत घे.

अजिंक्यतारा_बुलपेन, सातारा

आणि तो इंडियानापोलिसवाला बावीसचा पोरगा ओपनिंग डेला आणू नको. सीझनचे दिवस साधारण १८७, त्यात १७२ भरले की सर्व्हिसचं एक वर्ष धरतात. एप्रिलच्या मध्यानंतर आणलास तर १७२ भरत नाहीत आणि सातवं वर्ष पदरात पडतं. शिकागो कब्सनी २०१५ ला क्रिस ब्रायंटला असंच १७ एप्रिलला आणलं, सीझन संपताना त्याचे १७१ भरले, एक दिवस कमी. त्यानं तक्रार केली पण २०२० ला निकाल कब्सच्या बाजूनं लागला.

पण त्यानंतर नियम बदललाय. चांगल्या प्रॉस्पेक्टनं (होतकरू पोरानं) रुकी ऑफ द इयरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी नवख्याच्या बक्षिसात पहिल्या दोनात नंबर काढला तर उशिरा आला असला तरी पूर्ण वर्ष मिळतं. तुझ्याच पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२४ ला ११ मे ला आला, रुकी ऑफ द इयर झाला आणि वर्ष पूर्ण धरलं गेलं. तुझ्या पोराची बॅट कच्ची आहे म्हणतोस म्हणजे तेवढा धोका नाही. मला स्वतःला हा दिवस मोजायचा प्रकार जरा हलकटपणाच वाटतो, पण ११० मिलियनवाल्यानं न करून सांगतो कुणाला.

विश्रामबाग_जीएम

अपडेट. पिचर काढून आऊटफिल्डर मागितला, पहिल्या झटक्यात नाही म्हणाले, मग माझ्याकडनं एक ऑप्शन संपलेला रिलिव्हर वर घातला तर समोरच्या टीमचं एआय तयार झालं, कसं काय ते देवाला माहीत. कॅचर आणि डबल ए मधला वीसचा लेफ्टी आऊटफिल्डर आला. फोर्टी मॅनवर एक जागा सुटली, तिथं लेफ्टी रिलिव्हर पोरगा घेतला, बाकी दोघं देवाच्या भरवशावर.

पण मालकाचा मेल आलाय, फॅन इंटरेस्ट धाडकन पडला, कॉमेंटमध्ये सगळे शिव्या घालतायत.

तासगावचा_बेदाणा

पडणारच, पॉप्युलर माणूस विकलास. तिकिटाला आत्ता हात लावू नको, वाढवलंस तर स्टेडियम रिकामं आणि मालकाचं बजेट अजून खाली. उलट एक-दोन डॉलर कमी कर. आणि सात-आठ मिलियन मोकळे असतील तर जानेवारी संपेपर्यंत थांब, फ्री एजंटमध्ये जे उरत्यात त्यांचे भाव तेव्हा निम्म्यावर येतात, त्यातला एखादा लेफ्टी फर्स्ट बेसमन एका वर्षासाठी उचल.

कोयनाकाठ, कराड

हे सगळं वाचून मी पण आज गेम डाऊनलोडला लावला. टीम कुठली घेऊ?

मिरज_डबलप्ले

पिट्सबर्ग सोडून कुठलीपण.