मदत हवी आहे: सात जणांनी मिळून केलेला कोश, परवाना मात्र लिहिलाच नाही

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय.

आम्ही सात जण चार वर्षं मराठी स्पेलचेकसाठी हंस्पेल या शब्द तपासणाऱ्या मोफत प्रोग्रॅमचा कोश वाढवतोय. दोघं मार्केट यार्डात अडत्याकडे हिशेब लिहितात, त्यामुळे सुरुवात हळदीपासूनच झाली. हळकुंड, गड्डा, पेव... हरिपूरच्या पेवांची (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची) नोंद टाइप केली की पानभर लाल रेघा. कोशाची फाईल साधी असते: वर शब्दसंख्या, मग ओळीला एक शब्द, तिरकी रेघ आणि एक खूण. त्या खुणेवरून दुसऱ्या फाईलमधले प्रत्ययाचे नियम लागतात. शब्द गोळा करणं सोपं, रक्त आटलं ते नियमांत. 'गड्डा'चं 'गड्ड्यात' होताना काना काढून '्या' जोडायचा, एवढ्यासाठी आमची अख्खी संध्याकाळ गेली होती.

हा कोश लिबरऑफिसला चालतो, फायरफॉक्सला चालतो, सब्लाईम टेक्स्ट या एडिटरलाही (मजकूर आणि कोड लिहायच्या प्रोग्रॅमला) चालतो. त्याचाच आनंद होता. आता एका विकतच्या एडिटरने तो जसाच्या तसा घेतलाय, फक्त आमच्या नावांची फाईल काढून टाकली. त्याच आठवड्यात एका मोफत एडिटरवाल्यांनी अदबीने विचारलं, परवाना कुठला, म्हणजे वापरायच्या अटी काय? लिहिलेला नसेल तर आम्हाला घेता येणार नाही. फार वाईट वाटलं.

मला कुणाला अडवायचं नाही. टेक्स्टमेट या एडिटरच्या बंडल्सवर (जोड-फाईलींच्या संचांवर) वापरा, बदला, विका अशी मोकळी परवानगी होती, आणि त्याच्या व्याकरण-फाईलींची (कोडला रंग द्यायच्या नियमांची) पद्धत पुढे सब्लाईमने आणि व्हीएस कोड या एडिटरने उचलली. आमचंही तसंच फिरावं, नावं तेवढी राहावीत.

अडचण अशी की नियमांची मूळ फाईल आम्ही एका जुन्या कोशातून घेतली होती आणि तिच्यावर जीपीएल (बदलून वाटलं तरी तोच परवाना ठेवायला लावणारा परवाना) लिहिलेलं आहे. शिवाय सातवा गडी आता मस्कतला, मेलला उत्तर नाही. आम्ही सहा जणांनी एमआयटी परवाना (हक्काची नोंद ठेवून काहीही करू देणारा) लावला तर चालेल का?

प्रतिसाद

दादा, नियमांच्या फाईलला एमआयटी लावता येणार नाही. मूळ जीपीएल, म्हणजे तुम्ही सुधारून वाटलेलीही जीपीएलच. शब्दांची यादी सगळी तुमची असेल तर ती वेगळी ठेवा, तिला हवा तो परवाना द्या. पण सातव्याच्या ओळींवर हक्क त्याचाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम आणि संकलनं साहित्यकृतीतच मोडतात, नोंदणी केली नसली तरी. आणि परवानगी लेखी लागते. बदलांच्या इतिहासात त्याच्या ओळी सापडतील. होकार आला नाही तर त्या काढून नव्याने लिहा.

विकतच्या एडिटरचं म्हणाल तर जीपीएल विकायला मनाई करत नाही. मात्र परवान्याचा मजकूर आणि हक्काची नोंद सोबत ठेवावीच लागते, ती काढणं चूक. आधी साधं पत्र लिहा, त्याच कायद्याच्या कलम ५७मधला लेखकाच्या नावाचा हक्क त्यात नमूद करा. जुन्या कोशवाल्यांनाही कळवा, नियम त्यांचेही आहेत.

धागाकर्ता

खूप आभार. इतिहास बघितला, सातव्याच्या २१४ ओळी आहेत, बहुतेक बेदाण्याच्या सौद्यातल्या. त्याचा भाऊ तासगावला असतो, रविवारी त्याच्याकडे जाऊन नंबर घेतो. पत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.