/डेव्ह/मेम ला ६६६ दिलं तरी आत घेईना, रास्पबेरी पाय ४ चं रजिस्टर बघायचंय

लूमवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. घरचे चादरीचे चार लूम आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. एकाला रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स कॉम्प्युटर) लावलाय, सेन्सर जीपीआयओ १७ (बोर्डाची इनपुट-आऊटपुट पिन) वर, प्रत्येक पिकला (आडव्या धाग्याच्या एका फेरीला) इंटरप्ट म्हणजे इशारा येतो आणि मी लिहिलेला छोटा कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम) मोजतो. पाय ३ वर झकास चालत होतं, तो बोर्ड उडाला म्हणून पाय ४ घेतला, मॉड्यूलमधे रजिस्टरांचा (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यांचा) बेस पत्ता ३एफ चा एफई केला, बाकी काही हात लावला नाही. आता लूम बंद असला तरी आकडा पळतोय. मजुरी पिकवर आहे त्यामुळं कारागीर खुश आणि वडील तापलेत.

म्हटलं /डेव्ह/मेम (मेमरी आणि रजिस्टरं दाखवणारी लिनक्सची फाईल) मधून रजिस्टर उघडून बघू तर आधी "परमिशन डिनाईड", मग सुडो (रूट म्हणजे मालकाचे हक्क) लावून चमॉड ६६६ (सगळ्यांना वाचा-लिहायची परवानगी) मारलं तर आता "ऑपरेशन नॉट परमिटेड". एलएस मधे आरडब्ल्यू आरडब्ल्यू आरडब्ल्यू दिसतंय की! काय करावं कळंना.

कर्नलकाका
दोन्ही मेसेज सारखे वाटतात पण नाहीत बाळा. पहिला म्हणजे फाईलच्या परमिशननं अडवलं. ते तू उघडलंस, मग दुसऱ्या दारावर अडकलास. /डेव्ह/मेम उघडताना कर्नल वेगळं तपासतो की प्रोसेसकडं कॅप सिस रॉआयओ (थेट हार्डवेअरला हात लावायचा हक्क) आहे का, आणि ते चमॉडनं मिळत नसतं. सुडोनं प्रोग्रॅम चालवलास की दोन्ही दारं उघडतील. काही कर्नलमधे स्ट्रिक्ट डेव्हमेम चालू असतं, तिथं रूटलासुद्धा रॅम बघू देत नाहीत, आणि त्याच्या वरचा आयओवाला पर्याय चालू असला तर ड्रायव्हरनं धरलेली रजिस्टरंही नाहीत.

आणि ते ६६६ आधी काढ. रीबूटनं जाईलच पण तोवर तरी कशाला.

बोर्डबहाद्दर
सुडोची पण गरज नाही बे. पाय वर /डेव्ह/जीपीआयओमेम असतं, त्यात फक्त जीपीआयओचं पान दिसतं, युजर जीपीआयओ ग्रुपमधे असला की झालं. ग्रुपमधे टाकल्यावर लॉगआऊट करून परत ये, नाहीतर अर्धा तास डोकं खाजवत बसशील, मी बसलोय. एममॅप (फाईल प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडणं) कर ४०९६ बाईट, ऑफसेट शून्य, पॉइंटर व्होलाटाइल ठेव. पत्त्याची भानगडच नाही. डेटाशीटात ७ई पासून जे पत्ते दिलेत ते बसचे आहेत, ४ जीबीच्या बोर्डावर तोच आकडा /डेव्ह/मेम ला दिलास तर तिथं साधी रॅम असते.

लूमवाला_सोलापूर
झालं! जीपीआयओमेमनं वाचता आलं. लेव्हलचं रजिस्टर (शून्यापासून मोजून १३ वा शब्द) लूपमधे छापलं तर बिट १७ कधी ० कधी १, लूम बंद असताना. इव्हेंट डिटेक्टचं रजिस्टर (पिनवर बदल झाला की नोंद ठेवतं ते) क्लिअर करून बघू का?

कर्नलकाका
अजिबात नको! त्यात १ लिहिलं की तो इव्हेंट पुसला जातो, आणि वाचलेलाच आकडा परत लिहिलास तर बाकीच्या पिनांचे पण जातील, मॉड्यूलला पत्ताच लागणार नाही. बघ्यानंच घोळ घालायचा प्रकार. नुसतं वाचणंसुद्धा सगळीकडं फुकट नसतं, यूएआरटीचं (सिरीयल पोर्टचं) डेटा रजिस्टर वाचलं की रांगेतला बाईट गेला समज.

तुझी पिन तरंगतीय, ० का १ ते ठरत नाही. सेन्सर एनपीएन ओपन कलेक्टर असणार, तो पिन फक्त खाली ओढतो, म्हणजे पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) पाहिजेच. मॉड्यूलमधे पुल-अप कुठं लिहितोस?

लूमवाला_सोलापूर
ऑफसेट ९४ ला, आणि क्लॉक ९८ ला (हेक्समधे).

कर्नलकाका
सापडलं. ती पद्धत पाय ३ पर्यंतच. पाय ४ च्या २७११ चिपवर ती रजिस्टरं चालत नाहीत, लिहिलं तरी काही होत नाही आणि एररही येत नाही. नवीन पद्धतीत एका पिनला दोन बिट. १६ ते ३१ पिनांचं रजिस्टर ऑफसेट हेक्स ई८ ला, म्हणजे तुझ्या पॉइंटरचा ५८ वा शब्द, १७ चे बिट २ आणि ३. ०० म्हणजे काहीच नाही, ०१ पुल-अप. वाच बघू.

लूमवाला_सोलापूर
०० च आहे 😑

बोर्डबहाद्दर
कॉन्फिग टीएक्सटी (पाय ची बूट सेटिंगची फाईल) मधे १७ ला इनपुट पुल-अप लिहून टाक, बूटलाच लागेल. पण आतला रेझिस्टर साधारण ५० किलोओहमचा, लूमच्या मोटरशेजारी लांब वायर असली तर तेवढ्यानं भागायचं नाही. बाहेरून ४.७ किलोओहमचा लाव ३.३ व्होल्टला. ५ ला लावू नको, पिन जळेल.

लूमवाला_सोलापूर
४.७ लावला. लूम बंद, आकडा बंद. चालू करून १०० पिक हातानं मोजले, स्क्रीनवर पण १००. कारागीर विचारतोय तो पळणारा आकडा परत कधी लावताय.