क्रम मोडला तर काय निसटते

ड्रीम थिएटर हा अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँड पुन्हा ऐकताना अल्बमच्या क्रमाच्या मागे न लागता आवडते तेवढे निवडावेत, असे एक मत आहे; ते नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या अल्बमपुरते मला मान्य आहे. मात्र १९९९ चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ ज्या खरखरीत संपतो, त्याच खरखरीने २००२ चा अल्बम सुरू होतो. त्याचा लांबत गेलेला शेवटचा सूर २००३ च्या ‘ट्रेन ऑफ थॉट’च्या तोंडाशी ऐकू येतो, आणि त्यातला पियानोचा अखेरचा स्वर २००५ चा ‘ऑक्टाव्हेरियम’ उघडतो, जो पुन्हा त्याच स्वरावर मिटतो. वर्षानुवर्षे हे चारही अल्बम मी सुटेच ऐकत आलो होतो. परवा हेडफोन लावून सलग ऐकताना ती खरखर दुसऱ्यांदा आली, तेव्हा आधी मी वायरच हलवून पाहिली.