अनुभव धागा : गटात माणूस रुजतो कसा, आणि सुटतो कुठे?

जून लागला की नागपुरात भाड्याच्या खोल्यांचे दिवस सुरू होतात. मिहानमध्ये नोकरीला लागलेली मुलं, शिकायला आलेल्या मुली, गाव सोडून मुलाकडे राहायला आलेले आईवडील. खोली मिळते, गॅस मिळतो, शेजारी बरे निघतात, तरी सहा महिन्यांनी त्यातला एखादा म्हणतो, "इथं माझं कुणी नाही."

गट चालवणाऱ्यांना निमंत्रण आहे. फिरायचा गट, बचत गट, सेवेचा स्टॉल, सोसायटी, काहीही. नवा माणूस आला की तुम्ही नेमकं काय करता? तो कशाने टिकतो? न सांगता येणं बंद करतो तेव्हा कशाने? आत्मकथन नको, कृती लिहा. वेळ, माणसं, पैसे, शब्द.

सकाळी फिरणारा गट, अंबाझरी

वेळेपासून सुरू करतो, कारण आपल्याकडे बरेच गट वेळेवरूनच मोडतात. थंडीत साडेसहाला जमणाऱ्यांना एप्रिलमध्ये ती वेळ झेपत नाही, सातलाच ऊन चटके देतं. होळीनंतरच्या सोमवारपासून साडेपाच, दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून साडेसहा, असं एकदाच ठरवून टाका. दरवर्षी चर्चा केली की दोन तट पडतात. मेअखेरीस आणि दिवाळीत खंड पडणारच. तो पडण्याआधीच पुन्हा जमायची तारीख सांगून ठेवा. "बघू, पाऊस पडला की" म्हटलं की काही जण कायमचे गळतात, आणि गळतात ते बहुधा नवेच.

दहा ते पंधरा माणसं बरी. वीसच्या वर गेली की पुढे वेगाने चालणारे आणि मागे दम लागलेले असे दोन गट आपोआप होतात, आणि मागचा एकटा पडतो. म्हणून एक जुना, चांगला चालणारा माणूस रोज शेवटी चालेल, ही पाळी लावायची. नव्याला पहिले दोन आठवडे याच माणसासोबत ठेवायचं. वयस्क माणूस गप्प राहत असेल तर त्याचा स्वभाव ठरवण्याआधी कान तपासा. चार जण रांगेत चालत असताना टोकाच्या माणसाला काही ऐकू येत नाही, तो नुसता हसून मान हलवतो आणि महिन्याभरात येणं सोडतो. दोघादोघांनी चाला, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

चालण्याइतकाच चहा महत्त्वाचा आहे. पंधरा मिनिटं, एकच टपरी, पैसे पाळीपाळीने. नव्याची पाळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायलाच हवी. "तुम्ही राहू द्या हो" म्हणून त्याला पैसे देऊ दिले नाहीत तर तो पाहुणाच राहतो.

आणि फोन. दोन दिवस कुणी आला नाही तर तिसऱ्या दिवशी एकानेच करायचा, पाच जणांनी नाही. "का आला नाहीत?" विचारलं की समोरचा कारणं द्यायला लागतो. "उद्या मी तुमच्याच गल्लीवरून येतो, सहाला फाटकाशी थांबू का?" असं विचारलं की हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं. नाही म्हणाला तर बरं म्हणायचं आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं.

पानठेला, प्रतापनगर चौक

वरच्या काकांचं सगळं पटते, पण गट-बिट लांबची गोष्ट आहे भाऊ. नवीन पोट्टा आला न, त्याला आधी चार तोंडं ओळखीची पायजे. एकच तर्री-पोह्याचा ठेला, एकच किराणा, एकच कटिंगवाला, आणि वेळ तीच. रोज नवीन ठेला पाहून राहिला तर कोणी वळखणार नाही. पंधरा-वीस दिवस गेले की ठेलेवाला विचारते, "काल दिसला नाही बे?" तेवढ्यानंच दिवस बरा जाते. ॲपवरून सामान मागवून राहिले त्यांनी आठवड्यातून एक वस्तू तरी दुकानातून आणावी, दूध म्हणा, भाजी म्हणा. तिथं उभं राहायला मिळते.

महिला बचत गट, नरेंद्रनगर

बचत गट कर्जासाठी असतो असं बाहेरच्यांना वाटतं. आत बसणाऱ्या बाईला विचारा. आठवड्यातला एक तास असा असतो की तिचं नाव पुकारलं जातं आणि तिला "हजर" म्हणायचं असतं. कितीतरी घरांत तिचं नाव घेऊन तिला कुणी हाकच मारत नाही.

गटात दहा ते वीस जणी. पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशोबाच्या वह्या. पण माणूस जोडण्याच्या दृष्टीने पाचही सारखी नाहीत. माझ्या मते बैठक आणि वही यांवर गट उभा असतो.

बैठकीला गोल बसायचं, सतरंजीवर, सगळ्याच. अध्यक्षीण खुर्चीवर आणि बाकीच्या खाली, असं झालं की बोलणाऱ्या तीनच उरतात. बचत सर्वांची सारखी ठेवायची आणि ती सगळ्यांत अडचणीत असलेल्या बाईला झेपेल एवढीच. पाचशे रुपये ठरवले की धुणीभांडी करणारी बाई दोन महिन्यांत गळते, आणि ती पैशामुळे गळाली हे कुणाला सांगत नाही. शंभरावर सुरू करा. वाढवायचं असेल तर वर्षाने, आणि सगळ्यांचा होकार एकेकीकडून घेऊन. "सगळ्यांना चालेल ना?" असं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

वही दर बैठकीत मोठ्याने वाचायची. मागची शिल्लक, आजची जमा, कुणाकडे किती कर्ज, किती परत आलं, पेटीत किती. वाचून झाल्यावर पेटीतले पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, आणि मोजायचं काम दर वेळी वेगळीकडे. लिहिता न येणारी बाई पैसे फार चोख मोजते. तिला ते काम पहिल्या महिन्यातच द्या, मग ती मागे बसत नाही. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. तिन्ही एकीकडे गेल्या की चोरी झाली नाही तरी संशय सुरू होतो, आणि संशयाने गट जितके मोडतात तितके बुडीत कर्जाने मोडत नाहीत.

नव्या बाईला पहिलं कर्ज लवकर आणि लहान द्यावं. पाचशे-हजार, दोन-तीन हप्त्यांत परत. घेतलं, फेडलं, वहीत आलं, की तिची भीड जाते. व्याज गट ठरवतो आणि ते गटाच्याच निधीत येतं, हे तिला वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून दाखवा. उशिराचा दंड दहा रुपयांच्या वर नको. दंड मोठा असला की उशीर झालेली बाई दारापर्यंत येऊन परत जाते.

गप्प बसणारीला सगळ्यांसमोर "तुम्ही बोला न ताई" म्हणू नये, ती आणखी आखडते. तिच्या शेजारी बसणारीला आधी विचारायचं, मग ओघात तिला. ओळीने विचारलं की तिची पाळी येतेच, वेगळं बोट दाखवावं लागत नाही.

समुपदेशक, धंतोली

ठेल्यावरच्या मित्राचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये जुजबी ओळखींचं महत्त्व मांडलं : नोकरीची खबर बहुधा जिवलगांकडून येत नाही, अशा ओळखीच्यांकडून येते.

जवळीक मात्र वेगळी, तिला तास लागतात. जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, खरी मैत्री व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त तास लागतात असं दिसलं. अमेरिकेतले आकडे आहेत, जसेच्या तसे लावू नका. पण हिशोब करून बघा. आठवड्याला एक तास भेटणाऱ्या गटात 50 तासांना जवळजवळ वर्ष लागतं. दोन महिन्यांत "इथं कुणी आपलं होत नाही" म्हणणाऱ्याला हे गणित कागदावर मांडून दाखवलं की तो स्वतःला दोष देणं कमी करतो.

रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी 1995 मध्ये आपलेपणाच्या गरजेचे दोन भाग सांगितले. वारंवार होणारा सुखाचा संपर्क, आणि ही माणसं पुढेही आपली काळजी करतील हा भरवसा. गटांना पहिला भाग जमतो. सहली होतात, कोजागिरी होते. दुसरा निसटतो, कारण तो कळतो फक्त आजारपणात आणि गैरहजेरीत. तिसऱ्या दिवशीचा तो फोन म्हणूनच इतका मोलाचा आहे.

आता जिथे गट पुरत नाही ते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप मोडलेली, भूक गेलेली, आवडीच्या कामात मन नाही, वस्तू वाटून टाकतोय, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं बोलतोय, हे दिसलं तर बाजूला घेऊन स्पष्ट विचारा : "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांपैकी त्याचा विश्वास असलेल्या एकाला बोलवा. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. धोका लगेचचा वाटला तर थेट दवाखान्यात. आणि ही गोष्ट गटात सगळ्यांना सांगायची नाही. प्रार्थना करा, सकारात्मक राहा, असे पन्नास निरोप एकदम आले की माणूस दार लावून घेतो.

सेवा स्टॉल, दीक्षाभूमी

14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे लाखोंना धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून अशोक विजयादशमीला नागपुरात माणसांचा सागर येतो, आणि त्यांच्या जेवणापाण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून स्टॉल लागतात. नव्या कार्यकर्त्याला आपलं करायचं असेल तर यासारखी जागा नाही, पण काम नीट वाटलं तरच.

खिचडीच्या पाचशे ताटांना साधारण 40 किलो तांदूळ आणि 13 किलो तूरडाळ. डाळ अर्धा तास आधी भिजवलेली. गंज म्हणजे मोठं पातेलं उतरवल्यावर खिचडी घट्ट होत जाते, तासाभरात वाढणारा खोदायला लागतो आणि कुणाला जास्त, कुणाला कमी पडतं. म्हणून शेजारी दहा-पंधरा लिटर पाणी उकळत ठेवायचं, थोडं थोडं घालून सैल करायचं. हे काम नव्याचं. त्याला गंजाजवळ उभं राहायला मिळतं, जुने लोक त्याला हाक मारतात, आणि त्याच्यावाचून अडतं.

चूक होते ती अशी की पळी जुन्यांच्या हातातून सुटत नाही. नवे लोक टोपी-बिल्ला लावून कडेला उभे. दोन तास नुसतं उभं राहिलेला मुलगा पुढच्या वर्षी येत नाही. पाळ्या चार-चार तासांच्या करा. पहिल्या तासात नवा पाण्यावर, दुसऱ्या तासात पळी त्याच्या हातात, जुना शेजारी. हरवलेल्या मुलांचं आणि गर्दी वळवण्याचं काम मात्र जुन्यांकडेच ठेवा, तिथे शिकायला वेळ नसतो.

पोरांसाठी मोहल्ल्यातला बडग्या असाच, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींसोबत मिरवून जाळायचा पुतळा. मारबती म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे; काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, ती मोठ्यांची कामं. गल्लीतल्या बडग्याला बांबूच्या कमच्या, जुनी लुगडी, रद्दी आणि कणकेची खळ लागते. नव्याने राहायला आलेल्या घरातल्या पोराला खळीचं भांडं सांभाळायला द्या. सगळे त्याच्याकडेच येतात.

खोली शोधून देणारी ताई, त्रिमूर्तीनगर

सगळे गट चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आहेत. नव्याच्या कानावर पहिलं काय पडतं ते पाहा : "पूर्ण नाव काय?" आडनाव विचारण्यामागे जात विचारलेली असते, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. त्यानंतर तुम्ही कितीही चहा पाजा. गटाच्या नोंदीत पहिलं नाव आणि फोन एवढंच घ्या. कागदपत्रासाठी आडनाव लागलंच तर ते एकालाच द्यायचं, बैठकीत वाचायचं नाही. "गाव कुठलं?" एकदा विचारणं ही आपुलकी, मग "तिथं कोणत्या भागात?" ही चौकशी.

डबा पार्टीत शाकाहारी-मांसाहारी अशी पाटी लावून दोन टेबलं करू नका. प्रत्येक भांड्यावर पदार्थाचं नाव चिठ्ठीवर लिहा, ज्याचं त्याला कळतं.

आणि हिंदी. नागपूर 1956 पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथे घराघरात आहे. कुणी हिंदीत बोललं तर त्याला मराठीत उत्तर द्या, त्याने हिंदीत बोलत राहावं. दोघांनाही समजतं. सगळ्यांनी एकदम हिंदीवर उडी मारली की मराठी बोलणारी आजी गप्प होते. त्याला मराठीच बोल म्हटलं तर तो गप्प होतो.

सोसायटी, अंबाझरी ले-आउट

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी कामाला येते ती एकच गोष्ट, कुठल्या घरात कोण आहे याची यादी. ती कागदावर हवी, कारण वीज जाते आणि फोन उतरतात.

यादीत प्रत्येक घरासाठी चार रकाने. तळमजल्यावर झोपणारं कोण, स्वतःहून उठू न शकणारं कोण, रोजचं औषध किंवा ऑक्सिजन लागतो का, आणि शेजारच्या कुणाकडे दुसरी किल्ली आहे. चौथा रकाना भरायलाच वेळ लागतो. किल्ली कुणाकडे द्यायची, हे बोलणं दोन घरांत झालं की पुढचं बरंच आपोआप होतं. भाडेकरूंना यादीतून वगळू नका. "ते काय, वर्षभराचे" म्हणून त्यांचे रकाने कोरे राहतात, आणि तळमजल्याच्या खोल्यांत बहुधा तेच असतात.

दोन प्रती करा. एक जिन्याखाली मीटरच्या पेटीत, प्लास्टिकच्या पाकिटात, छातीच्या उंचीवर. दुसरी सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या घरी. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, नवे भाडेकरू आले की, एका जुन्या आणि एका नव्या रहिवाशाने मिळून दारोदार जाऊन ती बदलायची. नव्याला सगळी घरं त्याच फेरीत कळतात.