बीजभांडवल, परतावा, परतफेड : नेमकं कुठे काय?

एका लेखाचं मराठी करतेय, एकाच वाक्यावर गाडी अडलीय. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको निघाली तेव्हा राज्य सरकारने ३.९५ कोटी रुपये घातले, पुढचा खर्च जमिनी विकून भागवला. या ३.९५ कोटींना बीजभांडवल म्हणू? आणि ते वसूल झाले याला परतावा की परतफेड?

▪ परतावा नको हो. जास्तीचा भरलेला इन्कमटॅक्स माघारी येतो तो परतावा, नाहीतर एफडीवर वर्षाला जे सुटतं ते. घेतलेलं फेडलं की परतफेड.

▪ पण इथे परतफेड तरी कुठून आणणार? सिडको कंपनी कायद्याखालची, पैसे शेअरचे, म्हणजे सरळ भागभांडवल, ते फेडायचं नसतंच. आणि बीजभांडवल शब्द दिसायला गोड असला तरी महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत पैसे व्याजासकट फेडावे लागतात, त्यामुळे गावाकडच्या वाचकाला ते कर्जच वाटणार. भागभांडवलच लिहा.

▪ ताई, 'जमिनी विकून' हेही खोडा. सिडकोने त्या विकल्या नाहीत, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या आणि सुरुवातीलाच एकरकमी अधिमूल्य घेतलं, बोलताना सगळे प्रीमियमच म्हणतात. आमच्या सोसायटीच्या कागदावर सोसायटी 'पट्टेदार' आहे, मालक नाही, हे मला तिथे राहायला जाऊन अकरा वर्षांनी कळलं 😄

▪ ज्यांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या त्या ९५ गावांतले आम्ही. ३.९५ कोटी बीज असेल तर शेतं काय होती? आमचे शेतकरी नेते दि. बा. पाटील, त्या दिबांच्या मागे माणसं उभी राहिली, १९८४ ला जासईला गोळीबार झाला, त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट मिळाले. आमच्याकडे नुसतं 'साडेबारा' म्हणतात, 'साडेबाराचा प्लॉट निघाला का रे?' हा शब्द लेखात जसाच्या तसा ठेवा, कंसात काही समजावू नका.

▪ त्यात अजून एक, अधिभार. मानखुर्द-बेलापूर लाइनचा ६७ टक्के खर्च सिडकोने केला नि ३३ रेल्वेने, मग वाशीच्या तिकिटावर अधिभार बसला. प्रवाशाच्या खिशातून आलं ते परतावा पण नाही नि परतफेड पण नाही, त्याला वसुली म्हणतात.

▪ मग असं करते : 'सरकारने ३.९५ कोटींचं भागभांडवल दिलं, संपादित जमिनी भाडेपट्ट्याने देऊन आलेल्या अधिमूल्यातून सिडकोने पुढचा खर्च केला.' परतफेड उडवली. साडेबारा पुढच्या परिच्छेदात घेतेय, दादा.